डोळ्याच्या कोपऱ्यातला नासूर आणि कुर्तुब्याचा जर्राह : अबुल कासिम अल-झहरावी

नासूर हा शब्द मराठीतही आहे आणि उर्दूतही. जुनं वैर, न मिटणारा तंटा, घराघरातली भाऊबंदकी यांना आपण सर्रास नासूर म्हणतो. पण हकिमांच्या भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ अगदी नेमका आहे. शरीरात आत साठलेला पू बाहेर यायला स्वतःच एक बारीक वाट पाडतो आणि ती वाट काही केल्या बुजत नाही, तो नासूर. असा नासूर होण्याची एक ठरलेली जागा म्हणजे डोळ्याचा नाकाकडचा कोपरा. अश्रू नाकात उतरण्याचा मार्ग बंद झाला की तिथे पाणी साचतं, साचलेल्या पाण्याचा पू होतो आणि पुढे कातडी फुटते. गावाकडे काही ठिकाणी याला लासरू म्हणतात.

साधारण एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका मुस्लीम शल्यविशारदाने या नासूरावर काय करावं हे पायरीपायरीने लिहून ठेवलं. त्यांचं नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-झहरावी. युरोपात ते अल्बुकासिस या नावाने ओळखले गेले. आपल्या समाजात सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत हे नाव हमखास विचारलं जातं. शस्त्रक्रियेचे जनक, असं उत्तर मुलं पाठ करून देतात, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. आम्हाला वाटतं, एवढ्यावर थांबणं हा त्या माणसावर अन्यायच आहे. म्हणून आज त्यांची ओळख एका लहानशा, दुर्लक्षित आजाराच्या वाटेने करून घेऊ या.

नव्या शहरात जन्मलेलं मूल

दहाव्या शतकात स्पेनचा मोठा भाग मुस्लीम सत्तेखाली होता. त्या प्रदेशाला अंदलुस म्हणत. राजधानी होती कुर्तुबा, म्हणजे आजचं कॉर्डोबा. खलिफा अब्दुर रहमान तिसरा याने इ.स. ९३६ च्या सुमारास कुर्तुब्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर एक नवं शहर बांधायला घेतलं. त्याचं नाव मदीनत अझ-झहरा. त्याच काळात, ९३६ च्या आसपास, अबुल कासिम यांचा जन्म झाला. या शहरावरूनच त्यांना अल-झहरावी म्हणू लागले.

त्यांच्या नावापुढे आणखी एक शब्द लागतो, अल-अन्सारी. मदिनेत पैगंबर साहेबांना ज्यांनी आधार दिला ते अन्सार, आणि त्यांच्या वंशाशी नातं सांगणारे ते अन्सारी. भिवंडी आणि मालेगावच्या वाचकांना हे आडनाव वेगळं सांगायला नको. अर्थात नाव एक असलं म्हणजे घराणं एक ठरत नाही. पण अरबस्तानातून निघालेला एक शब्द एकीकडे स्पेनला आणि दुसरीकडे आपल्या यंत्रमागांच्या गल्लीत पोहोचला, याची गंमत वाटते खरी.

झहरावींच्या खासगी आयुष्याबद्दल इतिहासात फार थोडं लिहिलेलं आहे. त्यांच्या घरात कोण होतं, ते दिसायला कसे होते याची नोंद नाही. त्यांचं चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथ. पण ते ज्या वातावरणात वाढले ते मात्र आपल्याला चांगलं माहीत आहे.

त्यांच्या लहानपणीची एक घटना बघा. बायझंटाइन सम्राटाने अब्दुर रहमान तिसऱ्याला डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याचा वनौषधींवरचा सचित्र ग्रंथ भेट पाठवला. कुर्तुब्यात ग्रीक वाचणारं कोणी नव्हतं. तेव्हा सम्राटाकडून निकोलस नावाचा ख्रिस्ती साधू ९५१ साली मुद्दाम बोलावला गेला. त्याच्यासोबत हसदाई इब्न शप्रूत हे ज्यू वैद्य आणि कुर्तुब्यातले मुस्लीम हकीम बसले आणि एकेका वनस्पतीचं नाव त्यांनी पक्कं केलं. ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान एका टेबलाशी बसून औषधांची नावं जुळवत होते. पुढे खलिफा दुसरा हकम (९६१ ते ९७६) याच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असं जुने लेखक सांगतात. आकड्यात अतिशयोक्ती असेलही, पण पुस्तकांची भूक मोठी होती हे खरं. अशा शहरात आपला हा जर्राह घडला.

तसरीफ : ज्याच्याकडे पुस्तकं नाहीत त्याच्यासाठी

झहरावींनी जवळजवळ पन्नास वर्षं वैद्यकी केली आणि इ.स. १००० च्या सुमारास आपलं सगळं ज्ञान एका ग्रंथात मांडलं. ग्रंथाचं नाव किताब अत-तसरीफ. पूर्ण नाव लांब आहे, पण त्याचा आशय आम्हा शिक्षकांना फार आवडतो. ज्याला स्वतः असा ग्रंथ जमवणं, रचणं शक्य नाही त्याच्या हाती द्यायची ही मांडणी, असा साधारण त्याचा अर्थ. म्हणजे विद्यार्थ्याला इतर ग्रंथ शोधत फिरायला लागू नये, एकाच ठिकाणी सगळं मिळावं, हा हेतू नावातच सांगितलेला आहे.

तसरीफचे तीस भाग आहेत. आजारांची वर्णनं आहेत, गोळ्या, चाटणं, मलम, सरबतं, आहार, औषधं शुद्ध करण्याच्या रीती, असं खूप काही आहे. शेवटचा, तिसावा भाग शस्त्रक्रियेचा. त्याचेही तीन खंड. पहिल्यात डाग देणं म्हणजे तापलेल्या लोखंडाने केलेले उपचार, दुसऱ्यात चिरफाड, तिसऱ्यात मोडलेली आणि निखळलेली हाडं. हे सगळं लिहिताना त्यांनी सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं काढली. चिमटे, सुया, आकडे, करवती, डाग द्यायच्या सळ्या. प्रत्येक हत्यार कशाचं बनवायचं, टोक कसं ठेवायचं, हे चित्राशेजारी लिहिलं. शल्यक्रियेच्या पुस्तकात हत्यारांची इतकी चित्रं त्याआधी कोणी दिली नव्हती.

विद्यार्थ्यांना ते मुलांनो असं संबोधतात. कडक उस्ताद असावेत, पण माया असलेले. आपल्या काळात जर्राही जवळपास लोप पावली आहे, याची त्यांना खंत होती. कारणही ते सांगतात. जर्राहीला आधी शरीररचनेचं ज्ञान लागतं, आणि लोक ते न शिकताच हत्यार हातात घेतात. पुढे उदाहरणं देतात, तीही आपल्या काळातली. एका वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली, शीर तोडली आणि ती रक्तस्रावाने दगावली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या माणसाचा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाच ओढून काढला, तो तीन दिवसांत गेला. विद्यार्थ्यांना यश ऐकवणारे शिक्षक पुष्कळ असतात. धड्याच्या सुरुवातीलाच अपयश दाखवणारे कमी.

अश्रूंची वाट

आता मूळ आजाराकडे येऊ. आम्ही वर्गात हे शिकवतो तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारतो. रडताना नाक का वाहतं? उत्तर सोपं आहे, पण मुलांनी त्याचा कधी विचार केलेला नसतो. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं म्हणून.

डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला अश्रूंची ग्रंथी असते. ती सतत थोडं थोडं पाणी सोडत असते. आपण पापण्या मिटतो तेव्हा ते पाणी डोळाभर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात ढकललं जातं. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला सुईच्या टोकाएवढं एकेक छिद्र असतं. आरशात पापणी किंचित बाहेर वळवून पाहिली तर ते दिसतंही. या छिद्रांतून पाणी बारीक नळ्यांत जातं, तिथून नाकाच्या कडेला हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुपिशवीत, आणि पिशवीतून खाली हाडाच्या बोगद्यातून नाकात. डोळ्यात औषधाचा थेंब टाकल्यावर घशात कडू चव येते ती याच वाटेने.

ही वाट खालच्या टोकाला बंद झाली की पिशवीतलं पाणी तुंबतं. नाल्याचं तोंड बुजल्यावर मोहल्ल्यात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, तसंच. आधी डोळा नुसता पाणावतो, गालावर ओघळ येतो. मग सकाळी चिपडं येऊ लागतात. कोपऱ्यात दाबलं की छिद्रातून पू वर येतो. कधी अचानक तिथे लालबुंद, ठणकणारी सूज येते, ताप येतो, आणि शेवटी कातडी फुटून नासूर तयार होतो.

झहरावींचा इलाज

झहरावींच्या काळात भूल नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. तरीही त्यांच्या लिहिण्यात घाई नाही. आधी औषधाने बरं होतं का ते बघायचं. होत नसेल तरच पुढची पायरी.

पुढची पायरी डाग देण्याची. रोग्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचं. मदतनीसाने ते घट्ट धरायचं, जराही हलता कामा नये. डोळ्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजवलेला कापूस ठेवायचा, म्हणजे आच डोळ्याला लागणार नाही. नासूराचं तोंड उघडं असेल तर पू पिळून काढून जागा कोरडी करायची. तोंड नसेल तर चिरा देऊन आधी पू बाहेर काढायचा. मग तापवलेली सळई थेट हाडापर्यंत न्यायची, पण हात असा धरायचा की ती डोळ्याकडे घसरणार नाही. त्यानंतर काही दिवस थांबून मलमाची पट्टी. जुन्या लोकांची आणखी एक रीत त्यांनी नोंदवली आहे, बारीक नाळकं लावून नासूरात वितळलेलं शिसं ओतण्याची. वाचतानाच अंगावर काटा येतो. पण तिथेही डोळ्यावर ओला कापूस आहेच.

एवढ्यानेही नासूर हटला नाही तर? इथे त्यांच्या लेखनातला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. टोकदार लोखंडी गिरमिट घ्यायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या हाडावर टेकवायचं आणि हाताने फिरवत हाडाला आरपार भोक पाडायचं, नाकापर्यंत. भोक पडलं हे कसं ओळखायचं? रोग्याने नाक हाताने दाबून धरल्यावर त्या भोकातून श्वास बाहेर येताना जाणवतो. हवा आली म्हणजे वाट मोकळी झाली.

जरा थांबून विचार करा. नुसता पू काढून किंवा कातडी जाळून हा आजार जात नाही, कारण पाणी तुंबण्याचं कारण तसंच राहतं. खालची वाट बंद आहे ना, मग नाकात दुसरी वाट काढून द्यायला हवी. ही समज त्या गिरमिटामागे आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातले अडेओ तोती यांनी १९०४ मध्ये अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामध्ये हाडातून नवी वाट काढण्याच्या शस्त्रक्रियेचं वर्णन केलं. आज जगभर डॉक्टर जी डीसीआर नावाची शस्त्रक्रिया करतात तिची सुरुवात तिथून धरली जाते. तोतींच्या नंतरच्या शल्यवैद्यांनी पिशवीच्या आतलं अस्तर आणि नाकाचं अस्तर एकमेकांना जोडायला सुरुवात केली, म्हणून ही वाट टिकू लागली. झहरावींच्या भोकात ती सोय नव्हती आणि डाग दिलेली जागा आक्रसूनही जात असणार. पण पाण्याला नाकाकडे न्यायचं हे सूत्र दोघांचं एकच.

अभिमान कशाचा धरायचा?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या निरोपांत लिहिलेलं असतं की अमुक शोध मुसलमानांनी लावला, तमुक मुसलमानांनी. झहरावींच्या बाबतीतही तसंच चालतं. पण हाडाला भोक पाडण्याची ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हे. ग्रीक आणि रोमन काळातल्या वैद्यांनाही ती माहीत होती. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याच्या ग्रंथातून झहरावींनी पुष्कळ घेतलं. जे जुन्या लोकांकडून आलं ते जुन्यांचं म्हणून सांगायला त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

उलट त्यांचा प्रामाणिकपणा कुठे दिसतो ते पाहा. मोतीबिंदूबद्दल लिहिताना ते नोंदवतात की इराकमध्ये एक पोकळ सुई बनवतात आणि तिने डोळ्यातलं पाणी शोषून काढतात असं ऐकलं आहे, पण आपल्या मुलुखात ती पाहिलेली नाही. म्हणजे ऐकलेलं ऐकलेलं म्हणून सांगायचं आणि पाहिलेलं पाहिलेलं म्हणून. आजच्या फॉरवर्डच्या जमान्यात हा एक धडा घेतला तरी पुष्कळ झालं.

मग त्यांचं स्वतःचं काय? त्यांचं मोठेपण हे की विखुरलेली विद्या त्यांनी गोळा केली, स्वतःच्या हाताने करून पारखली, हत्यारं चित्रांसह मांडली आणि पुढच्याला वापरता येईल अशी करून ठेवली. एका दासीने स्वतःचा गळा सुरीने कापून घेतला होता. झहरावींना बोलावलं गेलं. श्वासनलिका कापली गेली होती, पण मोठ्या शिरा वाचल्या होत्या. त्यांनी जखम शिवली. ती मुलगी बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. गळ्याला छेद गेला तरी माणूस वाचू शकतो हे त्यांनी यावरून लिहिलं. एका दासीचा जीव त्यांच्या लेखी नोंद करण्याजोगा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शहर गेलं, पुस्तक राहिलं

झहरावींच्या म्हातारपणी कुर्तुब्यात यादवी माजली. १००९ पासून गादीसाठी लढाया सुरू झाल्या. १०१० मध्ये मदीनत अझ-झहरा लुटलं गेलं. ज्या शहराने त्यांना नाव दिलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालं. १०१३ मध्ये खुद्द कुर्तुबाही पडलं आणि त्याच सुमारास झहरावींचं निधन झालं. संगमरवरी महाल मातीखाली गेले. विसाव्या शतकात तिथे उत्खनन सुरू झालं आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्या अवशेषांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पुस्तकाला मात्र मातीखाली जावं लागलं नाही. बाराव्या शतकात टोलेडो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनी तसरीफच्या शस्त्रक्रियेच्या भागाचं लॅटिन भाषांतर केलं. तेराव्या शतकात त्याचं हिब्रू भाषांतर झालं. चौदाव्या शतकात फ्रान्सचे मोठे शल्यवैद्य गी द शोलियाक यांनी आपल्या ग्रंथात झहरावींचा दाखला सुमारे दोनशे वेळा दिला. १४६५ मध्ये तुर्कस्तानातल्या शरफुद्दीन साबुनजुओग्लू यांनी तसरीफच्या आधाराने तुर्की भाषेत सचित्र शल्यग्रंथ लिहिला. १४९७ मध्ये व्हेनिसला लॅटिन आवृत्ती छापली गेली. १७७८ मध्ये ऑक्सफर्डला अरबी आणि लॅटिन मजकूर एकत्र छापला. १९७३ मध्ये लंडनहून इंग्रजी भाषांतर आलं. जे पुस्तक साधनं नसलेल्यांसाठी लिहिलं होतं ते पाच-सहाशे वर्षं शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडत राहिलं.

आज आपल्या घरात

आता झहरावींनी ज्या आजारासाठी गिरमिट उचललं तो आजार आजही आपल्या घरांत आहे. फरक एवढाच की आज त्याचा इलाज सोपा आहे, आणि तरीही आपण तो टाळतो.

पहिली गोष्ट तान्ह्या बाळांची. पुष्कळ बाळांच्या अश्रूंच्या वाटेच्या खालच्या टोकाला जन्मतः एक पातळ पडदा राहिलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत एक डोळा पाणावतो, चिपडांनी पापण्या चिकटतात. घाबरायचं कारण नाही. अशा दहापैकी सुमारे नऊ बाळांचा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो. डॉक्टर आईला मालीश शिकवतात. हात स्वच्छ धुवायचा, नख कापलेलं हवं, बोट डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर ठेवून खाली नाकाच्या दिशेने हलका पण ठाम दाब द्यायचा, दिवसातून काही वेळा. ही रीत १९२३ मध्ये क्रिग्लर या डॉक्टरांनी मांडली आणि आजही तीच पहिली पायरी आहे. वर्षानंतरही पाणी थांबलं नाही तर भूल देऊन बारीक सळई घालून तो पडदा उघडतात. काम काही मिनिटांचं असतं.

पण मालीश डॉक्टरकडून एकदा बघून घ्यावी, नुसतं ऐकून करू नये. आणि बाळाचा डोळा लाल असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटत असेल, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे जावं. तो काचबिंदू असू शकतो. कोपऱ्यात निळसर गाठ किंवा लाल सूज असेल तरी त्याच दिवशी जावं. डोळ्यात दूध पिळणं, मध घालणं हे उपाय पूर्ण बंद करावेत, त्याने जंतू वाढतात.

सुरम्याबद्दलही बोलायला हवं. सुरम्याशी आपल्या समाजाच्या भावना जोडलेल्या आहेत, त्या आम्ही जाणतो. अरबीत डोळ्यांच्या वैद्याला कह्हाल म्हणत, तो शब्दही सुरम्याच्या कुह्ल या नावावरूनच आला. पण आज बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत शिसं असतं. शिसं विषारी आहे हे आज पक्कं ओळखलेलं आहे. डोळे चोळलेला हात बाळ तोंडात घालतं, शिसं पोटात जातं आणि मेंदूच्या वाढीला बाधा येते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात सुरमा किंवा काजळ घालू नये, एवढं तरी पाळावं.

दुसरी गोष्ट घरातल्या बायकांची. मोठ्या वयात हा मार्ग बंद होण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर. अम्मी, खाला, फुफी सतत पदराने डोळा पुसत असतात आणि घरात सगळ्यांना त्याची सवय होऊन जाते. वय झालं, चुलीचा धूर लागला, असं म्हणून सोडून दिलं जातं. डोळा पाणावण्याची इतरही कारणं असतात, कोरडेपणा, आत वळलेल्या पापण्या, ॲलर्जी. म्हणून तपासणी हवीच. ती अगदी साधी असते. पापणीच्या छिद्रातून डॉक्टर मिठाचं पाणी सोडतात. घशात खारट लागलं तर वाट मोकळी, पाणी परत उलटं आलं तर बंद.

बंद असेल तर मोठ्या माणसांत थेंबांनी ती उघडत नाही. थेंबांनी पू तात्पुरता कमी होतो, बस्स. खरा इलाज डीसीआर, म्हणजे नाकात नवी वाट. ती बाहेरून छोटा छेद देऊन करतात किंवा नाकातून दुर्बिणीने. दोन्ही रीतींनी बहुतेक रुग्ण बरे होतात. आणखी एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर त्याआधी डॉक्टर अश्रूंची वाट तपासतात, कारण पिशवीतला पू ऑपरेशन झालेल्या डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. तपासणीत हे निघालं आणि ऑपरेशन पुढे ढकललं, तर डॉक्टर उगाच लांबवतात असं समजू नये. आधी पिशवीचा इलाज करून घ्यावा.

झहरावींच्या रोग्याला डोकं मांडीवर घट्ट धरून, शुद्धीत, लाल सळईला सामोरं जावं लागत होतं. तरीही ते येत होते, कारण वाहणारा डोळा घेऊन जगणं त्याहून अवघड होतं. आज भूल आहे, दुर्बीण आहे, सरकारी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. घरातल्या ज्या डोळ्याकडे आपण महिनोन्‌महिने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं तो या आठवड्यात दाखवून घ्यावा, एवढीच वाचकांना विनंती. आणि शाळेत मुलांनी झहरावींचं नाव घेतलं तर पुढचा प्रश्न जरूर विचारावा, त्यांनी नेमकं काय केलं होतं?